बासमतीच्या गोण्या आणि आर्डकेल्डीचा बुरूज

साताऱ्याच्या माणसाला किल्ला दाखवायला अमेरिकेत नेणं म्हणजे कोकणातल्या माणसाला नारळ भेट देण्यासारखं आहे. आमच्या गच्चीत उभं राहिलं की समोर अजिंक्यतारा. लहानपणी तिथली करवंदं खाल्ली, मोठेपणी रोज सकाळी त्याच्या तटाकडे बघत दात घासले. त्यात मी चौतीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात काढलेली. दगड दिसला की मी आधी हात लावतो, फोटो नंतर. त्यामुळे पेनसिल्व्हेनियात एका स्कॉटिश सरदार घराण्याचा पडका किल्ला आहे आणि तो बघायलाच हवा, असं भाच्याने फोनवर सांगितलं तेव्हा मी मोठ्याने हसलो. आता परत येऊन दोन महिने झाले. तो किल्ला कुठल्याच सहल कंपनीच्या यादीत नाही, तेव्हा तुम्ही तिथे जाल असं वाटत नाही. म्हणून लिहून ठेवतो. माझं हसणं पहिल्या दिवशीच थांबलं.

ट्रॉय, मिशिगन

आमची मुलगी मृणाल डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये गाड्यांच्या कंपनीत आहे. तिच्याकडे आम्ही तीन महिन्यांसाठी गेलो होतो. पहिल्याच आठवड्यात माझी बायको सुलभा हिला गॅरेजमध्ये एक खजिना सापडला. बासमतीच्या रिकाम्या गोण्या. तिथे तांदूळ जाड तागाच्या छोट्या गोणीत मिळतो. गोणीला वर चेन, पकडायला बंद, आणि पुढच्या बाजूला हत्ती, मोर, ताजमहाल असलं काहीतरी छापलेलं. मृणाल त्या फेकायला विसरली होती एवढंच. सुलभाने त्या धुतल्या, वाळवल्या, घड्या घातल्या आणि रचून ठेवल्या.

"आई, प्लीज, थ्रो कर ना त्या. गॅरेज बघ कसलं दिसतंय," मृणाल म्हणाली.

"लागतात," सुलभा म्हणाली.

"कशाला लागतात?"

"ते लागल्यावर कळतं."

मीही मुलीची बाजू घेतली. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण आमच्या घरातून एकही रिकामी बरणी आजवर बाहेर गेलेली नाही. मी दोनचार टोमणे मारले आणि गप्प बसलो. सप्टेंबरात मृणालला कामासाठी आठवडाभर बाहेर जायचं होतं, म्हणून तिने आम्हाला सुलभाच्या बहिणीच्या मुलाकडे, गौरवकडे, सोडायचं ठरवलं. तेव्हा सुलभाने त्याच्यासाठी केलेला चिवडा, मेतकूट, लाडू, शिवाय आमचे कपडे, सगळं त्याच गोण्यांत भरलं. अकरा गोण्या. गाडीची डिकी उघडल्यावर आम्ही तांदळाचे घाऊक व्यापारी दिसत होतो.

स्टेट कॉलेज

गौरव तिथल्या विद्यापीठात मातीवर पीएच.डी. करतो. दोन मित्रांबरोबर एका अपार्टमेंटमध्ये राहतो. विद्यापीठाच्या बसने येतो-जातो, आणि इंडियन दुकान एकच असल्यामुळे कोथिंबीर कुठल्या वारी येते हे त्याला परीक्षेच्या तारखेपेक्षा पक्कं ठाऊक असतं. सुलभाने आल्या आल्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मुलांनी चार दिवसांचं जेवण एका बैठकीत संपवलं.

किल्ल्याची आणि गौरवची ओळख मातीमुळेच झाली होती. वर्षापूर्वी एक म्हातारी बाई त्याच्या लॅबमध्ये प्लॅस्टिकच्या डब्यात जुना चुना घेऊन आली. ह्यात वाळू कुठल्या ओढ्याची आहे ते शोधून द्या, मला तश्शीच हवी, म्हणाली.

"काका, मला वाटलं टाइमपास करतेय," गौरव म्हणाला. "पण तिने मलाच लेक्चर दिलं, यार. लाइमवर. अर्धा तास."

हे ऐकल्यावर मात्र मी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसलो.

टेकडीवर, शनिवार

गौरवने मित्राची गाडी मागून आणली होती. दीड तासाचा रस्ता. मका, गवताचे गोल भारे, लाल कोठारं, मग झाडीतून चढण. वर गेल्यावर झाडं अचानक संपतात आणि समोर बुरूज उभा राहतो. तीन मजली, चौकोनी, छप्पर नाही. खिडक्यांतून पलीकडचं आभाळ दिसतं. मागच्या बाजूला वाड्याच्या भिंती कमरेएवढ्या उरलेल्या.

"एवढाच?" मी म्हणालो.

"अहो, हळू बोला," सुलभा म्हणाली. तिथे मराठी कुणाला कळणार होतं, देव जाणे.

मग मी जवळ गेलो आणि कोपऱ्याचा दगड बघितला. असा कोपरा मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिलाय. वरून खालपर्यंत ओळंबा सोडावा तर दोऱ्याला दगड चाटून जाईल, इतका सरळ. एक दगड लांब, त्यावरचा आडवा, पुन्हा लांब. दोन दगडांतली फट करंगळीच्या नखाएवढी. प्रत्येक दगडाच्या कडेला एक छोटी खूण कोरलेली. कुठे बाण, कुठे फुली, कुठे उलटा चार. ज्या गवंड्याने तो घडवला त्याची ती सही. मी टोपी काढली. हे कुणी बघितलं नसेल असं मला वाटलं होतं.

"उलटा चार माझ्या पणजोबांच्या वडिलांचा," मागून आवाज आला.

ह्याच त्या चुन्याच्या डब्यावाल्या एलीनरबाई. वय अठ्ठ्याहत्तर, अंगकाठी चिमणीएवढी, गुडघ्यांना पॅड बांधलेले, हातात छिन्नी. त्यांच्याशी सगळं बोलणं इंग्रजीत झालं. माझं इंग्रजी टेंडर नोटिशीचं, पण दगडाच्या बाबतीत कामाला येतं. त्यांनी आधी आमच्याकडून एका कागदावर सह्या घेतल्या. मी इथे पडलो तर दोष माझाच, असा मजकूर. आमच्या खात्यात माणूस पडला तर दोष कुणाचा हे ठरायला तीन वर्षं लागतात. इथे पडायच्या आधीच निकाल.

मग त्यांनी ओटच्या पिठाच्या खरपूस चकत्या आणि चीज पुढे ठेवलं, आणि घराण्याची कहाणी सांगितली.

आर्डकेल्डी हे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातलं सरदार घराणं. तळ्याकाठी त्यांचा किल्ला, चौफेर जमीन, जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राहणारी कुळं. एका बंडात घराणं हरणाऱ्या बाजूला उभं राहिलं आणि जमीन गेली, मग खटपटी करून परत मिळवली. इथपर्यंत मला आपल्याकडच्या कुठल्याही देशमुखी घराण्याची गोष्ट ऐकतोय असं वाटलं. पुढे मेंढ्या आल्या. माणसांपेक्षा मेंढ्या ठेवणं जास्त फायद्याचं, असं त्या काळच्या जमीनदारांना कळलं आणि आर्डकेल्डीच्या सरदाराने गावंच्या गावं उठवली. घरांची छपरं जाळली, म्हणजे लोक परत यायला नकोत. पुढे खुद्द त्याच्या नातवांनी किल्ल्याचं छप्पर उतरवलं, कारण छपराच्या घरावर कर बसायचा. छप्पर गेलं की दगडी इमारतीचं काय होतं ते मला सांगायला नको. दोनतीन पिढ्यांत मूळ किल्ला कोसळला.

"ज्यांनी दुसऱ्यांची छपरं काढली त्यांचंही गेलं," सुलभा मला म्हणाली. मी ते एलीनरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमची आजी हेच म्हणायची."

गावं उठवणाऱ्या सरदाराचा धाकटा मुलगा हेक्टर. बापाशी त्याचं पटलं नाही. तो पेनसिल्व्हेनियात आला, लोखंडाच्या भट्ट्यांत नशीब काढलं आणि ह्या टेकडीवर त्याने वडिलोपार्जित बुरुजासारखाच बुरूज बांधायला घेतला. मूळ किल्ल्याचा, घराण्याचं चिन्ह कोरलेला एक दगड त्याने जहाजातून आणवला आणि दारावर बसवला. चिन्ह म्हणजे मुठीत धरलेलं काटेरी फूल. त्याखालची अक्षरं झिजून गेलीत, काय होती ते आता कुणालाच वाचता येत नाही. पण मला भावली ती पुढची गोष्ट. बांधकामाला त्याने गवंडी बोलावले ते बापाने हुसकावलेल्या कुळांतले. त्यांच्या प्रवासाची सोय केली, राहायला जागा दिली. उलटा चार कोरणारा एलीनरबाईंचा पूर्वज त्यातलाच. पुढे हेक्टरचे वंशज शहरांत गेले, बुरुजाला आग लागली, छप्पर इथलंही गेलं. आता आर्डकेल्डी नावाचा एकही माणूस ह्या भागात नाही. बुरूज गावच्या ताब्यात आहे, आणि निगा राखतात हुसकावलेल्यांचे वंशज.

"तुमच्या लोकांना ज्यांनी घालवलं त्यांचा किल्ला तुम्ही का सांभाळता?" मी विचारलं. पाहुण्याने विचारू नये असा प्रश्न, पण मला राहवलं नाही.

"त्यांचा कसा? ते फक्त राहिले ह्यात. रचला आमच्या लोकांनी," एलीनरबाई म्हणाल्या आणि चीजची थाळी माझ्याकडे सरकवली.

मी चीज घेतलं.

तोच दिवस, दुपार

पश्चिमेच्या भिंतीशी गेल्यावर खरी अडचण कळली. ह्या भिंतीला मधोमध पोट आलं होतं, म्हणजे ती बाहेर फुगली होती. गावच्या इमारत निरीक्षकांनी सांगून ठेवलं होतं की भिंतीच्या सगळ्या फटी घट्ट भरलेल्या दिसल्या तरच ह्या हिवाळ्यात ती उभी राहू देऊ; नाहीतर बर्फ पडायच्या आत पहिल्या मजल्यापर्यंत उतरवून टाकू. पाहणी गुरुवारी. आज शनिवार.

एलीनरबाईंच्या मंडळाने मागच्या आठवड्यात फटी चुन्याने भरल्या होत्या. पण सप्टेंबर असून ऊन भाजत होतं आणि टेकडीवर कोरडा वारा सुटला होता. मी खिशातली किल्ली काढून फटीवर ओढली. पिठासारखा चुना खाली सांडला. पुन्हा दुसरीकडे ओढली, तेच.

"ओल नाही राहिली," मी म्हणालो.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच थकलेला वाटला. "गोणपाटाचे तागे मागवले होते. आल्या ह्या प्लॅस्टिकच्या ताडपत्र्या. बदलून मिळायला दहा दिवस. गावात बागेसाठीचं विरविरीत कापड मिळतं, ते अर्ध्या तासात वाळतं. आज आणि उद्या आम्ही फटी नव्याने भरू शकतो, हात आहेत. पण झाकायचं कशाने?"

चुन्याचं असं असतं की पहिले पाच दिवस त्याला बाळंतिणीसारखं जपावं लागतं. ऊन नको, वारा नको, अंगावर ओलं जाड गोणपाट हवं. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. एका गवंड्याने शिकवलं होतं आणि तेव्हा मी ते शिकलो नव्हतो. त्याबद्दल पुढे येईल.

मी विचारात उभा होतो. सुलभा मात्र सरळ गाडीकडे चालू लागली. वाटेत संपलेल्या चिवड्याची रिकामी गोणी घेऊन परत आली, ती उलटी केली, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर टर्रकन फाडलं आणि उरलेला ताग पाण्याच्या बादलीत बुडवून भिंतीवर धरला. मधोमध लाल हत्ती.

एलीनरबाईंनी तागाला हात लावला. पिळून बघितला. वाऱ्यात धरून बघितला. मग सुलभाकडे बघून विचारलं, "अशा किती आहेत?"

"अकरा," सुलभा इंग्रजीत म्हणाली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ही तिची थोरवी. तिच्या जागी मी असतो तर आठवडाभर ऐकवलं असतं.

भिंतीला अकरा कुठल्या पुरायला? पण गौरव तोवर फोनवर होता. स्टेट कॉलेजमधल्या देशी विद्यार्थ्यांचा एक ग्रुप आहे. त्यात त्याने लिहिलं की रिकाम्या बासमती बॅग्ज अर्जंट पाहिजेत, कॅसलसाठी. पहिलं उत्तर आलं, 'भाई, कुठला कॅसल?' दुसरं आलं, 'माझ्याकडे चार आहेत, लाँड्री ठेवतो, देतो.' मग रांगच लागली. नागपूरचा एकजण, हैदराबादच्या दोन मुली, लाहोरचा एक मुलगा. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या माणसांची घरं वेगळी, भाषा वेगळी, पण तांदळाची गोणी कुणीही टाकत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. संध्याकाळी गाडीच्या मागच्या सीटवर गोण्यांचा ढीग होता आणि सुलभा त्यात अर्धी बुडून बसली होती.

रविवार

माझ्या डोक्याला बसेल असं हेल्मेट मिळेना, म्हणून मला परांचीवर चढू दिलं नाही. परांची म्हणजे बांधकामावरचा माचा. मी खाली बसून चुना कालवला. वर आठ माणसं होती. निवृत्त नर्स, दुकानदार, एक पाद्री, सगळे पन्नाशीच्या पुढचे. कुणी कुणावर ओरडत नाही. चूक झाली की ज्याची झाली तोच आधी सांगतो. दुपारी दोन फटी बाहेरून बंद आणि आतून पोकळ राहिलेल्या निघाल्या, तर नर्सबाई स्वतःच म्हणाल्या, "ह्या मी भरल्या, मीच उकरते." मी बघतच राहिलो. आमच्याकडे असं झालं असतं तर आधी त्या फटी कागदावर भरल्या गेल्या असत्या.

जेवायला सुलभाने नेलेली थालीपिठं आणि लसणीची चटणी. एलीनरबाईंनी थालीपीठ ओळखलं. म्हणजे नाव नव्हे, वृत्ती. "हे आमच्या ओटकेकचं चुलत भावंड," म्हणाल्या. चटणीने पाद्रीबुवांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी दुसऱ्यांदा घेतली.

संध्याकाळी गोण्या टांगल्या. सुलभाने दाभणाने त्या एकमेकींना शिवून लांब पट्टे केले होते. ओले पट्टे वरून खाली सोडले तेव्हा आर्डकेल्डी सरदारांचा बुरूज हत्ती, मोर, ताजमहाल आणि लाल किल्ल्याने झाकला गेला. एका किल्ल्यावर दुसरा किल्ला टांगलेला मी तरी पहिल्यांदाच पाहिला. पुढचे दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत कुणी ना कुणी पाणी मारत होतं. शिवणीत अडकलेले तांदळाचे दाणे टिपायला चिमण्या यायच्या.

मंगळवार

आता सांगायचं आहे ते थोडं अवघड आहे.

दाराजवळ, त्याच पश्चिमेच्या भिंतीच्या पायाशी, ताटाएवढा एक सिमेंटचा गिलावा होता. त्याच्या भोवतीचे दगड काळे, ओले. एलीनरबाईंचा नवरा वॉल्ट सुतार होता. तीस वर्षांपूर्वी गावकरी हा बुरूज पाडायला निघाले तेव्हा त्याने एकट्याने, रविवारी रविवारी येऊन, ह्या भिंतीच्या फटी भरल्या. त्याला माहीत असलेल्या एकाच गोष्टीने, सिमेंटने. बुरूज वाचला आणि हळूहळू मरायला लागला. दगडातली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंटमधून पडत नाही. ती आत कोंडते, थंडीत गोठते, दगड फोडते. वॉल्ट गेल्यावर बाईंना हे कळलं. गेली तीन वर्षं त्या स्वतःच्या हाताने नवऱ्याचं काम उकरून काढत होत्या. हा एवढा तुकडा उरला होता. त्यावर बोटाने दोन इंग्रजी अक्षरं काढलेली. एक त्याचं, एक तिचं.

"तुम्ही इंजिनिअर आहात. खरं सांगा, हा राहिला तर चालेल?" त्यांनी विचारलं.

चालेल असं म्हणणं अगदी सोपं होतं. मी तसं आयुष्यात खूपदा म्हटलंय.

मी म्हणालो, "नाही चालणार. तो राहिला तर भिंत तिथूनच जाईल." आणि मग, कुणी विचारलं नसताना, मी त्यांना ज्ञानू गवंड्याची गोष्ट सांगितली.

वाईच्या अलीकडे एका गावात कृष्णेवर जुना दगडी घाट आहे. मी नव्याने शाखा अभियंता झालेलो. घाटाच्या भिंतीची डागडुजी माझ्याकडे होती. गावचा ज्ञानू गवंडी कामावर होता. तो म्हणाला, "सायेब, दगडाला घाम येतो. त्याला कोंडू नगा. मी बैलाच्या घाणीवर चुना मळून देतो, गूळ-हिरडा घालून." मी म्हणालो, टेंडरमध्ये सिमेंट आहे. तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीला पोट आलं आणि पंधरा हात भिंत नदीत गेली. कुणाला लागलं नाही, नशीब. चौकशी लागली. मी अहवालात लिहिलं, स्थानिक गवंड्याचं काम निकृष्ट होतं. त्या एका वाक्यानंतर ज्ञानूला आमच्या खात्याच्या कुठल्याच कामावर कुणी घेतलं नाही. मला बढती मिळाली. हे मी सुलभालाही कधी सांगितलं नव्हतं. ती शेजारीच बसून गोणी शिवत होती. तिने दाभण खाली ठेवलं.

एलीनरबाई माझ्या शेजारी टेकल्या. मग विचारलं, "तो गवंडी आहे अजून?"

"आहे. ऐकतो अधूनमधून त्याच्याबद्दल."

"मग तुमचं माझ्यापेक्षा सोपं आहे," त्या म्हणाल्या. "मला वॉल्टला काहीच सांगता येत नाही."

त्यांनी छिन्नी घेतली. मी कुठे लावायची ते दाखवलं. चार घावांत तो तुकडा अख्खाच्या अख्खा सुटून आला, आणि त्याला चिकटून दगडाची साल. मागे दगड भुसभुशीत, हाताने उकरता येईल असा. बाईंनी तो तुकडा ॲप्रनमध्ये घेतला, अक्षरांवरची धूळ फुंकली आणि गाडीत नेऊन ठेवला. परत आल्या आणि म्हणाल्या, "चला, चुना द्या." मी परात भरून दिली.

गुरुवार

निरीक्षक म्हणजे तिशीची एक मुलगी. हसणं नाही, गप्पा नाही. आम्ही गोण्या उतरवल्या होत्या, फक्त दाराजवळची नवी जागा झाकलेली होती. तिने खिशातून किल्ली काढली. मी गौरवचा दंड धरला.

तिने किल्ली फटीवर ओढली. चुना सांडला नाही. शिडी लावून वर गेली, तिथे ओढली. पोट आलेल्या जागी तीनदा ओढली. शेवटी दाराशी येऊन गोणी उचलली आणि आत बघत राहिली. गोणीवरचा हत्ती ओलीने उतरून दगडावर उमटला होता. फिकट लाल, सोंड वर.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"हत्ती," एलीनरबाई म्हणाल्या.

तिने काहीतरी लिहिलं. मग म्हणाली, "ह्या हिवाळ्यात भिंत राहू दे. वसंतात पुन्हा येईन." एवढंच. गाडीत बसून निघून गेली.

टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. नर्सबाई रडल्या, पाद्रीबुवांनी आठवण करून चटणी मागितली. मी हत्ती पुसायला ब्रश घेतला तर एलीनरबाईंनी माझा हात धरला. "घराण्याची अक्षरं गेलीच आहेत," म्हणाल्या, "हा राहू दे. तोही कामाला आलेल्यांपैकी आहे." निरोप घेताना सुलभा वाकून त्यांच्या पाया पडली. बाई गोंधळल्या आणि त्याही खाली बसल्या. दोघी तशाच जमिनीवर बसून हसत होत्या. मला वाटतं, त्या घराण्याच्या कुठल्याही सरदारापेक्षा ह्या बाईला मुजरा करणं योग्य झालं असतं. मी केलाही, मनातल्या मनात.

सातारा

परतीच्या सामानात सुलभाने त्यातल्या सहा गोण्या घेतल्या. धुऊन, घड्या घालून. "अगं, साताऱ्यात गोणपाट मिळत नाही का?" मी म्हणालो. ती म्हणाली, "लागतात." मी पुढे बोललो नाही. माझी तेवढी सुधारणा झाली होती.

घरी आल्यावर पंधरा दिवस मी काही ना काही कारण काढलं. झोपेचं तंत्र बिघडलंय, गाडीची सर्व्हिसिंग करायचीय. सोळाव्या दिवशी सुलभाने किल्ली हातात दिली आणि स्वतः आधी गाडीत जाऊन बसली.

ज्ञानूतात्या घाटाजवळच्या आपल्या घराच्या ओट्यावर बसले होते. ऐंशीला आलेले, डोळ्याला जाड भिंगं, हात मात्र तसेच रुंद. त्यांनी मला ओळखलं. बसा म्हणाले नाहीत. मी उभ्यानेच बोललो. भिंत सिमेंटमुळे पडली, तुमचं बरोबर होतं, मी खोटं लिहिलं, माझ्यामुळे तुमचं काम गेलं. एवढी चार वाक्यं, पण त्यांना तीस वर्षं लागली. ते ऐकत होते की नाही ते कळेना. मग मी फोनवरचा फोटो पुढे केला. गोण्यांनी झाकलेला बुरूज, पायाशी एलीनरबाई.

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. फार वेळ बघितलं.

"कोपरा सरळ हाय," ते म्हणाले. "ही बाई किती वर्साची?"

"अठ्ठ्याहत्तर."

"आन् सोता छिन्नी मारती?"

"हो."

त्यांनी फोन परत दिला. काठी टेकत उठले, पायात चपला सरकवल्या आणि घाटाच्या दिशेने बघितलं. उरलेली भिंत तिथून दिसते. तिलाही आता पोट आलंय.

"सायेब," ते म्हणाले, "नुस्तं सांगायलाच आलायसा, का चुना कालवायचाय?"

मी सुलभाकडे बघितलं. ती केव्हाच उठून गाडीची डिकी उघडत होती. आत गुळाची ढेप होती, हिरड्याची पिशवी होती, आणि त्यांच्या शेजारी घड्या घातलेल्या सहा गोण्या.